दाराबाहेरचा एकच बूट

१

यशोधरा दचकायची. कुकरच्या शिट्टीला दचकायची, शिट्टी होणार हे माहीत असताना दचकायची आणि झाली नाही तर जास्त दचकायची. बी.कॉम.च्या शेवटच्या पेपरला मागच्या बाकावरची मुलगी शिंकली, तेव्हा हिने उत्तरपत्रिकेवर अशी काही लांबलचक रेघ ओढली की तपासणाऱ्याने ती ताळेबंदाची बेरीज समजून मार्क दिला असावा, असं तिची आई सरस्वती उल्हासनगरच्या सगळ्या कॅम्प चारला सांगत असे.

मामाच्या गायन पार्टीत ती पेटी वाजवायची. पण एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमांत लोक खूश झाले की फटाक्यांची माळ लावतात, आणि माळ लागली की यशोधराची पेटी किंचाळायची. शेवटी मामाच म्हणाला, "यशू, तू घरी बस. लोक गाणं सोडून तुलाच बघतात."

मग ती आईबरोबर जीन्स शिवायला बसली. लोडशेडिंगमुळे मोटारीचा भरवसा नव्हता, म्हणून पायमशीन. जाड कापड, दिवसभर पाय चालू.

तिथे तिला खरात सरांनी पाहिलं. सर सरस्वतीच्या लांबच्या नात्यातले, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेले. पॅन्ट आखूड करून घ्यायला आले आणि यशोधराच्या पायांकडे बघतच राहिले.

"काय बघताय?" सरस्वतीने विचारलं.

"पाय," सर म्हणाले.

समोरची बाई हातात कात्री घेऊन उभी असताना देण्यासारखं हे उत्तर नव्हतं. सरांच्या ते लगेच लक्षात आलं. "ताई, गैरसमज नको. मला हातवाले पुष्कळ मिळतात. पायवाले मिळत नाहीत."

गोष्ट अशी होती की कंपनीने एकदा सरांना मशीन आणायला जर्मनीला पाठवलं होतं. मशीन आलं, पण सरांचं मन तिथल्या एका चर्चमध्ये राहिलं. तिथे त्यांनी पाइप ऑर्गन ऐकला होता. परत आल्यावर टेकचंदशेठच्या बंद पडलेल्या साबणाच्या गाळ्यात त्यांनी स्वतःचा ऑर्गन उभा केला. नळ्या ड्रेनेजच्या पीव्हीसीच्या, हवा भंगारातून आणलेल्या ब्लोअरची, आणि पायाने दाबायच्या लाकडी पट्ट्या उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मोडीत निघालेल्या पलंगांच्या. तो वाजायला लागला की शेजारच्या गाळ्यातले कामगार आपला बॉयलर बघायला धावायचे.

"मीच वाजवला असता," सर काठी टेकत म्हणाले, "पण गुडघे गेले."

२

ऑर्गन वाजवणं हे हाताचं काम आहे अशी यशोधराची समजूत होती. ती पहिल्या दुपारीच मोडली.

बाक उंच आणि गुळगुळीत. त्यावर बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत. टेकले तर पट्टी दाबली जाते आणि गाळाभर हंबरडा. हात वरच्या दोन रांगांवर गुंतलेले, त्यामुळे धरायला काही नाही. म्हणजे माणूस बाकावर बसतो असं आपलं म्हणायचं, खरं तर तो आपल्याच पोटावर लटकून असतो. त्यात गुडघे एकमेकांना चिकटवून ठेवायचे, स्कूटरवर मागे बसलेल्या नऊवारीतल्या बाईसारखे. आधी चवडा, मग टाच. डावा पाय उजव्याच्या मागून न्यायचा, उजवा डाव्याच्या पुढून. आणि हे चाललेलं असताना चेहरा असा ठेवायचा की खाली काही चाललेलंच नाही.

"जर्मनीत पातळ चामड्याच्या तळव्याचे बूट घालून वाजवतात," सर म्हणाले. "आपल्याला कशाला? आपण दाराबाहेर बूट काढणारी माणसं."

नियम एकच होता. खाली बघायचं नाही. तिची हनुवटी जरा झुकली की सर फूटपट्टीने ती वर उचलायचे.

"सर, बघितल्याशिवाय पाय कुठे पडतो ते कळणार कसं?"

"पायाला कळतं. तू वर बघ."

घरी जाताना शेअर रिक्षात तिच्या मांड्या अशा थरथरायच्या की शेजारची बाई विचारायची, "गाडी व्हायब्रेट होतेय की तुम्ही?"

तरी ती रोज जायची, आणि त्याला कारण होतं. ऑर्गन चालू असला की तिला दुसरं काहीच ऐकू येत नसे. भोंगा नाही, ट्रकचा हॉर्न नाही, कुणाच्या हातून पडलेला पाना नाही. त्या आवाजात दचकायला जागाच उरत नव्हती. जन्मात पहिल्यांदा तिचे खांदे कानांपासून खाली आले होते.

आणि तेवढ्यात बातमी आली की गाळा जाणार. टेकचंदशेठला तिथे जीन्स धुण्याचा कारखाना टाकायचा होता. सरांनी पाया पडून एक मुदत मिळवली: येत्या शुक्रवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, शेठ येऊन ऐकणार. बरं वाटलं तर ऑर्गन राहील आणि यशोधरा तिथे शिकवेल. नाही वाटलं तर शनिवारी भंगारवाला.

वाजवायचं होतं सरांनीच रचलेलं संगीत, 'महागर्जना'. जर्मनीत ऐकलेलं आणि अंबरनाथला आठवलेलं. त्याच्या मध्यावर हात मांडीवर ठेवायचे आणि फक्त पायांनी वाजवायचं. दोन्ही पाय उजव्या टोकाला धावतात, आणि त्याच वेळी डाव्या टोकाची सगळ्यात खालच्या सुराची पट्टी, जिची नळी छतापर्यंत गेली होती, ती सलग घुमत राहते.

यशोधराने मनातल्या मनात दोन्ही पाय मांडून पाहिले.

"सर, इथे तिसरा पाय लागेल. तोही डावा."

सर चष्मा पुसत होते. "वाजव तू. जमतं."

"तुम्ही कसं वाजवायचात?"

"वाजायचं," सर म्हणाले, आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला लागले.

३

चपलांवरून घरात कोण आहे ते ओळखायची यशोधराला लहानपणापासून सवय. मामाच्या कोल्हापुरी दिसल्या की पेटीला बसायचं, भिशीवाल्या बाईच्या दिसल्या की मागच्या दाराने जायचं. दचकणाऱ्या माणसाला आधी माहिती लागते.

गाळ्याबाहेर सरांच्या रबरी चपला असत, तिच्या स्वतःच्या असत, आणि एक बूट असे. एकच. काळा, निमुळता, पातळ चामड्याच्या तळव्याचा. डाव्या पायाचा. नाडी सोडलेली.

पहिल्या आठवड्यात तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दुसरा कुत्र्याने नेला असणार. एमआयडीसीतल्या कुत्र्यांना चामडं फार प्रिय. मग तिच्या ध्यानात आलं की तिथे सगळ्यावर धूळ बसते. सकाळी काढलेल्या चपलेवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. या बुटावर कण नव्हता.

पुसत असेल कोणी. पण एकच बूट पुसायला कोण बसतं? असतो एखादा. आमच्या चाळीत एक आजोबा सायकल पुसतात, जिला चाकं नाहीत. असं तिने स्वतःला समजावलं.

सरांना विचारलं तर सर म्हणाले, "कुठला बूट?" तिने बोट दाखवलं. सरांनी बुटाकडे बघितलं नाही, तिच्या बोटाकडे बघितलं. "असू दे. कोणाचं पायताण हलवू नये."

शेजारच्या कँटीनची गोदूमावशी चहा द्यायची आणि जाता जाता गाळ्याची पायरी झाडायची. सगळ्यांच्या चपला उचलून बाजूला करायची, झाडायची, परत ठेवायची. बुटाच्या मात्र भोवतीने झाडू फिरवायची.

"मावशी, हा पण उचला की."

"नको ग बाय." गोदूमावशी झाडू आपटत म्हणाली. "त्याचा मानूस आतमंदी हाय."

"आत मी आणि सरच आहोत."

"मंग तुमचा असंल," मावशी म्हणाली आणि गेली.

यशोधरा पायरीवर उभी राहिली. पत्र्याची सावली होती. तिच्या चपला गार पडल्या होत्या. मूर्खपणा आहे, असं स्वतःला बजावत तिने वाकून बुटात दोन बोटं घातली.

आत उबदार होतं. आत्ता पाय काढल्यासारखं.

ती दचकून अशी ओरडली की कँटीनमधला एक माणूस, चहाची हाक समजून, चहा घेऊन पळत आला.

४

त्या दिवसांत घरी मशीनवर बसलं तरी तिचे पाय 'महागर्जना'च चालवायचे. टाके कधी धावत, कधी अडखळत. सरस्वती सुई ओवता ओवता म्हणायची, "यशे, पँट शिवतेस की मिरवणूक काढतेस?"

एका संध्याकाळी तिने गठ्ठा घडी करून आईकडे सरकवला. सरस्वती एकेक पँट झटकून बघत होती. एक झटकली, थांबली, उजेडाला धरली.

"हे कोणाचं माप आहे?"

पँटला तीन पाय होते. तिसराही नीट शिवलेला. दुहेरी टीप, खाली वळती पट्टी, सगळं व्यवस्थित. दोघांच्या मधोमध, किंचित डावीकडे.

"चुकून झालं," यशोधरा म्हणाली.

"चुकून बाही उलटी लागते. चुकून पाय वाढत नाही." सरस्वतीने पँट कमरेशी धरून हलवली. तिन्ही पाय एकदम लोंबले. "घोडा म्हणावा तर एक कमी आहे."

"आई, उसव ना ते."

"उसवते. पण ऐक, कापड तू आणलंस कुठून? मी तर मोजून दोन-दोन पाय कापून दिले होते."

यशोधराने मशीनखाली पाहिलं नाही. वर बघ, वर बघ, असं म्हणत ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाच कुकर लावला.

५

बुधवारी 'महागर्जना'तली ती फक्त पायांची जागा जमली.

दुपारची वेळ, खिडक्यांतून ऊन आत पडलेलं, बाहेर टेम्पो मागे घेणारा कोणी "आने दो, आने दो" ओरडत होता. यशोधराने हात मांडीवर ठेवले आणि पाय उजवीकडे धावू दिले. आणि डावीकडे, तिच्यापासून लांब, छतापर्यंत गेलेली ती नळी घुमायला लागली. हळू, अचूक, जिथे यायला हवी तिथे. बाकाचं लाकूड थरथरलं. तिचे दात थरथरले.

पट्टी अडकली असणार. पलंगाचं लाकूड, फुगतं. असं होतं.

ओळ संपली आणि आवाजही थांबला, अगदी वेळेवर. अडकलेली पट्टी इतक्या वेळेवर सुटते का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. सरांकडे वळून बघितलं. सर भिंतीकडे तोंड करून मागच्या वर्षीचं कॅलेंडर वाचत होते.

"जमलं ना?" ते भिंतीला म्हणाले.

"सर, पट्टी अडकली होती का?"

"हो. तेच. अडकते."

सरांनी ब्लोअर बंद केला. एवढ्या मोठ्या आवाजानंतरची शांतता अंगावर येते. कानांना काहीतरी धरावंसं वाटतं. यशोधराच्या कानांनी एक बारीकसा आवाज धरला. तिच्या बाकाखालून. कोणीतरी दमून टाच जमिनीवर टेकवावी तसा.

तिचे स्वतःचे दोन्ही पाय अजून हवेत होते.

"सर, तुम्ही वाजवणं का सोडलंत?"

"गुडघे," सर म्हणाले. मग जरा थांबून, "एकदा खाली बघितलं. गुडघ्यांकडे. तेव्हाच कळलं की गेले."

त्या रात्री तिने ठरवलं की शुक्रवारी जायचं नाही. सकाळी तिला वाटलं, नाही गेलं तर शनिवारी भंगारवाला येणार, ती छतापर्यंतची नळी कोणाच्या तरी संडासाला लागणार, आणि आपण जन्मभर कुकरशेजारी खांदे वर करून उभ्या. ती गुरुवारी गेली. सराव केला. जागा जमली. तिने काही विचारलं नाही. फक्त एकदा, सर चहा सांगायला गेले असताना, समोरच्या नळ्यांकडे बघत म्हणाली, "उद्या जरा सांभाळून घ्या."

कोणाला म्हणाली, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

६

शुक्रवारी टेकचंदशेठ पांढऱ्या सफारीत आले. दाराशी त्यांनी चकाकते बूट काढले. ऐकायला आलेल्या सरस्वतीने सवयीने सगळ्यांच्या चपला जोडीजोडीने लावल्या, एकट्या बुटापाशी थबकली, इकडेतिकडे त्याचा जोडीदार शोधला, आणि मग लेकीकडे बघितलं. तीन पायांची पँट तिलाही आठवली असावी.

"देखो बेटी," शेठ प्लास्टिकच्या खुर्चीत बसत म्हणाले, "हम को म्युझिक समजत नाही. डॅडी को समजत होता. ये उन का गाला है. उन को अच्छा लगा असता असं वाटलं तर ठेवणार. नहीं तो धुलाई."

यशोधरा बाकावर चढली. ब्लोअरने श्वास घेतला.

सुरुवात नीट झाली. पोट आवळलेलं, गुडघे चिकटलेले, पाठीतून घाम मणक्याच्या रेषेने उतरत होता आणि तिला तो पुसता येत नव्हता. पाठीमागे काहीतरी पडलं. नंतर कळलं की शेठचा मोबाइल. तिला ऐकूसुद्धा आलं नाही. ती त्या आवाजाच्या आत होती.

मग पायांची जागा आली. हात मांडीवर. उजवा, डावा, चवडा, टाच, मागून, पुढून. लांब डावीकडे ती नळी घुमायला लागली. आणि अर्ध्या ओळीत, घामाने, तिचा डावा पाय पट्टीवरून घसरला.

तो हवेत राहिला. संपलं, असं तिला वाटलं. पण सूर चुकला नाही. डाव्या पायाने वाजवायचा होता तो सूर वाजला, त्याच्या पुढचाही वाजला, नळीचं घुमणं तेवढं एक क्षण सुटलं आणि परत आलं.

तिने खाली बघितलं.

बाकाच्या सावलीत तिचा उजवा पाय धावत होता. डावा लटकत होता. आणि त्या दोघांपलीकडे तिसरा होता. करड्या मोज्यातला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलेलं आणि त्यातून नख दिसत होतं. घोट्याच्या वर सावलीच होती. त्या पायाने एक पट्टी सोडली, दुसरी घेतली, आणि मग, बाकड्यावर बसलेला माणूस नवीन आलेल्यासाठी सरकतो तसा तो सरकला. तिच्या डाव्या पायाला जागा करून दिली.

तिने वर बघितलं. डावा पाय त्या जागेवर ठेवला. लाकूड उबदार होतं.

आश्चर्य म्हणजे ती दचकली नाही. एवढ्या आवाजात दचकणं बाहेर यायला वाट नव्हती. ते छातीत कुठेतरी अडकून बसलं. तिने हात वर घेतले आणि 'महागर्जना' शेवटापर्यंत वाजवली.

७

शेठनी आधी खाली पडलेला मोबाइल उचलला. मग पोटावर हात ठेवून म्हणाले, "इधर गडगड झाला. डॅडी बोलले असते, रख लो." मग उभे राहिले. "लेकिन अगली बार इससे भारी. पाव का काम और ज्यादा. दिवाली के बाद सब पार्टी लोग को बुलाता हूँ. जमेल?"

यशोधराच्या कानांत अजून घुमत होतं. आयुष्यात कोणी तिला 'अजून' म्हटलं नव्हतं. सगळे 'बस' म्हणायचे.

"जमेल," ती म्हणाली.

सरांचा चेहरा खरं तर आनंदाने फुलायला हवा होता. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "आता तुझं."

"आणि तुम्ही?"

"मी बदलापूर गावात. बहिणीकडे. हवा चांगली आहे."

"सर, तो जो बूट—"

"एसटी स्टँडच्या रिक्षा आत्ताच मिळतात," सर म्हणाले. चपला पायात अडकवल्या, काठी भिंतीला टेकलेली तशीच सोडली, आणि ज्या माणसाचे गुडघे गेले होते तो माणूस गटार एका उडीत ओलांडून रस्त्याने असा पळाला की कँटीनबाहेरच्या कुत्र्यांनाही त्याच्यामागे धावावंसं वाटलं.

"बरे झालेले दिसतात," सरस्वती म्हणाली.

शनिवारी सकाळी यशोधरा एकटीच आली. येताना तिने कॅम्पातल्या बाजारातून करड्या मोज्यांचा एक जोड घेतला होता. शिवणारीची मुलगी, भोक बघितलं की तिला चैन पडत नसे. एक मोजा आता होईल, दुसरा राखून ठेवू, असा तिचा हिशोब. आणि भीतीचं म्हणाल तर ज्याने सांभाळून घेतलं, जागा करून दिली, त्याला किती भ्यायचं, असा प्रश्न तिने रिक्षात बसल्या बसल्या सोडवत आणला होता.

दाराला तिनेच काल लावलेलं कुलूप होतं. पायरीवर बुटांची जोडी होती.

जोडी. तिला हसूच आलं. म्हणजे दुसरा सापडला. कुत्र्याने परत आणला असेल, किंवा कोण्या बिचाऱ्या माणसाचे बूट, त्याचे त्याने आणून ठेवले. सगळं इतकं साधं होतं. तिने आपल्या चपला काढून शेजारी लावल्या, खाली बसली आणि एक मोजा पहिल्या बुटात नीट ठेवला. मग दुसरा ठेवायला दुसरा बूट हातात घेतला.

तो उबदार होता. नाडी सोडलेली होती. तिने त्याला पहिल्याशेजारी ठेवून बघितलं, मग अदलाबदल करून बघितलं. दोन्ही बूट एकाच बाजूला वळत होते. दोन्ही डावे होते. शेठनी पायांचं काम वाढवायला सांगितलं होतंच.

आत, कुलपाच्या पलीकडे, ब्लोअरने श्वास घेतला.

यशोधराने हातातल्या दुसऱ्या मोज्याकडे बघितलं. बरं झालं, तिच्या मनात आलं, मोज्याला डावं-उजवं नसतं. तो तिने दुसऱ्या बुटात ठेवला आणि किल्ली काढली.